आपल्याच गावावरची ऐतिहासिक फँटसी वाचायची कशी

ऐतिहासिक फँटसी म्हणजे खरा काळ, खरी जागा, बरीचशी खरी माणसं, आणि त्यात एखादी गोष्ट अशी की जी घडणं शक्यच नाही. बोलणारा दगड, शाप, मंतरलेला हिरा, मेलेल्या राजाशी गप्पा मारणारी दासी, असलं काहीतरी. लांबच्या देशातली असली पुस्तकं आपण निवांत वाचतो कारण तिथलं खरं काय आणि बनवलेलं काय हे आपल्याला माहीतच नसतं. पण तीच गोष्ट ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर घडायला लागली की वाचणं अवघड होतं, दर दोन पानांनी आपण अडतो, अरे हा दरवाजा तर या बाजूला नाहीच, अरे आमची आजी तर वेगळंच सांगायची. मग काही जण वैतागून पुस्तक मिटतात, आणि काही जण उलट सगळंच खरं मानून बसतात आणि पुढे कुठल्यातरी लग्नात पंगतीला बसल्या बसल्या तेच इतिहास म्हणून ऐकवतात. दोन्हीत नुकसान आपलंच. कारण ही पुस्तकं वाचायला लागणारा सगळ्यात मोठा ऐवज आपल्याचकडे असतो, किल्ल्याचा चढ किती दम काढतो, पाणी कुठे लागतं, जूनमध्ये दगड किती तापतो, कुठल्या देवळाबद्दल कोण काय बोलतं. पुण्यामुंबईच्या वाचकाकडे हे नाही. हा ऐवज लेखकाला पकडण्यात घालवू नका, गोष्टीच्या आत शिरायला वापरा. कसा वापरायचा ते मला जमेल तसं सांगते. उदाहरणं ग्वाल्हेरची आहेत कारण मी तिथल्या लष्कर नावाच्या भागात राहते, इंदूर-बडोद्याच्या लोकांनी आपापली घालून घ्यावी.

आधी साल पकडा. पहिल्या वीस-पंचवीस पानांत गोष्ट नेमकी कुठल्या काळात चाललीये ते शोधा आणि पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. ग्वाल्हेर हे एक गाव नाहीये, एकावर एक बसलेली पाच-सहा गावं आहेत. सहाव्या शतकात हूण राजा मिहिरकुलच्या वेळी मातृचेट नावाच्या माणसानं या डोंगरावर सूर्याचं देऊळ बांधलं असा शिलालेख आहे, ते एक ग्वाल्हेर. मानसिंह तोमरचं वेगळं, १४८६ ते १५१६, म्हणजे मानमंदिर या त्याच्या महालाच्या निळ्या फरशा, गुजरी महाल, ध्रुपद. मग मोगलांचं, ज्यात हा किल्ला राजघराण्यातल्या नको झालेल्या माणसांचा तुरुंग होता, औरंगजेबाचा भाऊ मुराद इथेच १६६१ मध्ये मारला गेला आणि दाराचा मुलगा सुलेमान शिकोह त्याच्या पुढच्या वर्षी. मग आपल्या शिंद्यांचं. आणि लष्कर तर त्यातही नंतरचं, १८१० मध्ये दौलतरावांनी उज्जैनहून मुक्काम हलवून किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला आणि तो तळ उठलाच नाही, तेच आजचं लष्कर. त्याआधी बाडा (आमचा मुख्य चौक) नाही, सराफा नाही, दौलतगंज नाही. जयविलास राजवाडा तर थेट १८७४ चा. म्हणजे १७८० ची गोष्ट असेल आणि नायिका संध्याकाळी बाड्यावर फिरायला जात असेल तर लेखकानं घरकाम केलेलं नाही, हे तुम्हाला तिसऱ्या पानावरच कळेल.

अशा चुकांचं काय करायचं? माझं मत, एक-दोन असतील तर समासात खूण करा आणि पुढे चला. समजा मानसिंहाच्या मुदपाकखान्यात लाल मिरचीची फोडणी पडतेय. मिरची, बटाटा, टोमॅटो, तंबाखू हे सगळं अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांनी आलं, वास्को द गामाच मुळात १४९८ मध्ये कालिकतला उतरला आणि गोवा त्यांच्या ताब्यात गेला १५१० मध्ये, तेव्हा १५०० सालच्या ग्वाल्हेरात मिरची कुठून येणार, तिखटपणा मिऱ्याचा आणि पिपळीचा. पण तोच लेखक जर असं लिहीत असेल की दक्षिणेकडून आलेल्या एका व्यापाऱ्यानं राणीसमोर एक लाल, अंगार लागणारं फळ ठेवलं आणि सगळ्या दरबाराला वाटलं हे विष आहे, तर तिथे लेखकाला सगळं ठाऊक आहे आणि तो मुद्दाम खेळतोय. अशी जागा दिसली की मला फार आनंद होतो, खरंच. चूक आणि खेळ यातला फरक ओळखायला शिकणं हाच या वाचनातला निम्मा भाग आहे.

आता वही. मोठी नको, खिशातली चालेल. तीन रकाने पाडा. पहिल्यात जे दगडावर किंवा कागदावर आहे ते, दुसऱ्यात लोक जे पिढ्यानपिढ्या सांगत आलेत ते, आणि तिसऱ्यात जे फक्त या लेखकाचं आहे ते. वाचता वाचता प्रत्येक मोठी गोष्ट कुठल्या रकान्यात जाते ते ठरवत जायचं. सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, पण दोन-चार प्रकरणांनंतर हात आपोआप चालतो आणि गोष्टीचा वेगही मोडत नाही.

एक उदाहरण नीट करून दाखवते, हिऱ्याचं. समजा पुस्तकात ग्वाल्हेरच्या राजाकडे एक हिरा आहे, तो ज्याच्याकडे असतो त्याला रणात मरण दिसतं, आणि शेवटी तो मोगलांकडे जातो. आता पहिल्या रकान्यात काय जाईल? मानसिंहाचा मुलगा विक्रमादित्य किल्ला गमावल्यावर लोदीचा मांडलिक झाला आणि १५२६ मध्ये पानिपतावर इब्राहिम लोदीच्या बाजूनं लढताना मेला. त्याचं कुटुंब आग्र्यात होतं, तिथे हुमायून पोचला तेव्हा त्यांनी त्याला एक मोठा हिरा दिला, हे खुद्द बाबरानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. म्हणजे हिरा खरा, देणं खरं, पानिपत खरं. दुसऱ्या रकान्यात, तो हिरा म्हणजेच कोहिनूर असं जे सगळे छातीठोकपणे सांगतात ते. आणि मरण दिसणं तिसऱ्यात, ते लेखकाचं. एवढं मांडलं की लगेच दिसतं लेखकानं जादू कुठे पेरली ते. कागद सांगतो की हिरा दिला, पण देणाऱ्या बायकांच्या मनात त्या दिवशी काय चाललं होतं हे कागद सांगत नाही, नवरा आठवड्यापूर्वी मेलाय आणि समोर जिंकलेल्याचा मुलगा उभा आहे. बाबर त्या हिऱ्याची किंमत सांगतो, सगळ्या जगाच्या अडीच दिवसांच्या जेवणाएवढी म्हणे. बायकांबद्दल काही नाही. चांगला लेखक अशाच मोकळ्या जागेत घुसतो. वाईट लेखक जिथे कागद भरलेला आहे तिथेच ठिगळ लावत बसतो.

दुसऱ्या रकान्याला कमी लेखू नका बरं का. आपल्याकडे शिकलेली माणसं दंतकथा म्हटलं की लगेच हात झटकतात. सूरजसेनाची गोष्ट घ्या, कुष्ठरोग झालेला एक सरदार शिकारीत वाट चुकला, डोंगरावर ग्वालिपा नावाचा साधू भेटला, त्यानं कुंडातलं पाणी पाजलं आणि रोग गेला, मग त्यानं किल्ला बांधला, तोच सूरजकुंड आपण अजून बघतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचा भाग मात्र कमी लोक सांगतात, की साधूनं त्याचं नाव बदलून सुहन पाल केलं आणि बजावलं, जोवर तुझे वंशज पाल हे नाव लावतील तोवर गड तुमचा. त्र्याऐंशी पिढ्या लावलं, चौऱ्याऐंशीवा तेजकरण नाव लावून बसला आणि राज्य गेलं. कुठल्याही शिलालेखात हे नाही, पण फँटसी वाचणाऱ्यासाठी सोनं आहे हे, कारण इथल्या मातीतली जादू कशी चालते ते यात आहे. वर मिळतो पण अटीवर मिळतो, अट बारीक असते, आणि ती मोडणाऱ्याला मोडताना कळतसुद्धा नाही.

यावरून पुढचं सांगते, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुस्तकातली जादू कुठली आहे ते बघा. इथल्या माणसांनी त्या काळात ज्यावर विश्वास ठेवला असता तशी आहे, की कुठल्यातरी परदेशी मालिकेतून उचलून किल्ल्यावर आणून ठेवलीये? ड्रॅगन आला तर मी म्हणत नाही की पुस्तक फेका, पण लेखकाला विचारा (मनातल्या मनात), की बाबा रे, घरात एवढं असताना बाहेरून का आणलंस? आपल्याकडे काय नाही? शेख मुहम्मद घौस हा शत्तारी पंथाचा सूफी इथे राहिला, त्याचा मकबरा आपण लहानपणापासून बघतो, जाळीला हात लावतो आणि घरी येतो. हा माणूस ग्रहांच्या आणि ईश्वराच्या नावांच्या साधनेवर लिहायचा, योग्यांच्या आसन-प्राणायामाचं पुस्तक त्यानं फारसीत आणलं, आणि बाबराच्या लोकांना किल्ला मिळवून देण्यात त्याचा हात होता. १५६३ मध्ये वारला. आता सांगा, नायकाला मंत्र शिकवायला कुणी हवा असेल तर याच्याहून बरा कोण मिळणार, आणि हा तर पूर्ण पहिल्या रकान्यातला माणूस आहे! त्याच्याच शेजारी तानसेन झोपलाय, छोटीशी कबर, आणि चिंचेचं झाड, ज्याचा पाला खाल्ला की गळा सुधारतो म्हणून गाणं शिकणारी पोरं अजूनही एक-दोन पानं तोंडात टाकतात. दीपक रागानं दिवे पेटले हे दुसऱ्या रकान्यातलं, पण बघा, तेही अटीवरच आहे, गाणाऱ्याचं अंग जळतं आणि मल्हार गाणारं कुणी नसेल तर तो मेला. फुकटची जादू इथल्या गोष्टींत नसतेच. म्हणून पुस्तकातल्या मांत्रिकानं हात हलवला आणि फौज आडवी झाली, त्याला ना दम लागला ना काही गमावलं, असं दिसलं की मला ते ग्वाल्हेरचं वाटत नाही, नकाशा कितीही बरोबर असू दे.

शिंद्यांच्या काळातल्या गोष्टींतही हेच बघायचं. निशाणावरचा नाग, झोपलेल्या पोरावर फणा धरून सावली करणारा. बीडचे मन्सूरशाह बाबा आणि त्यांनी महादजींना दिलेली भाकरी, ज्यांचा उरूस बाड्याजवळ गोरखीत शिंदे घराणं अजून करतं. अचलेश्वराची पिंड, जी रस्त्यातून हलवायला हत्ती लावले, साखळदंड लावले तरी हलली नाही असं घरोघरी सांगतात. किल्ल्यातली गंगाजळी, तिचा बीजक, म्हणजे तिथवर नेणारी गुप्त खूण, फक्त महाराजांना ठाऊक, आणि जयाजीराव १८८६ मध्ये गेले तेव्हा मुलगा लहान, मग गुपित कुणाकडे राहिलं, हेही सांगतात. असं काही पुस्तकात आलं की लेखकानं ते नुसतं सजावटीला टांगलंय का गोष्टीचा सांधा त्यावर फिरतो ते बघा. नाग फक्त शेवटी येऊन फुत्कारत असेल तर काय उपयोग. नागानं सावली दिली म्हणजे कुणाचं तरी ऊन अडवलं, मग ते ऊन कुणावर पडलं, असा विचार करणारा लेखक मिळाला तर ते पुस्तक दोनदा वाचा.

इतिहास बदललाय तिथे मात्र थांबून हिशोब घाला. ऑगस्ट १७८० ची रात्र घ्या. किल्ला तेव्हा महादजींच्या ताब्यात, आणि कॅप्टन पॉपमची ईस्ट इंडिया कंपनीची फौज शेजारच्या गोहद संस्थानाच्या राण्याच्या माणसांनी दाखवलेल्या वाटेनं कड्याखाली येते, पायात कापूस भरलेले जोडे, लाकडी शिड्या, दोरीच्या शिड्या, आणि पहाट व्हायच्या आत वर. जो किल्ला कुणी सर करू शकत नाही म्हणायचे तो जवळजवळ रक्त न सांडता गेला. आता समजा लेखकानं लिहिलं की त्या रात्री कड्यातल्या जैन मूर्तींनी डोळे उघडले आणि शिड्या खाली ढकलल्या. मस्त! मला वाचायला आवडेल, पंधराव्या शतकातल्या त्या मूर्ती, पन्नास फुटांहून उंच एक, बाबराच्या हुकमानं १५२८ मध्ये तोंडं फोडलेल्या, त्यांनी कुणाची बाजू का घ्यावी हाच केवढा मोठा प्रश्न आहे. पण मग पुढे काय? किल्ला पडला म्हणून कंपनीनं तो गोहदच्या राण्याला दिला, १७८२ मध्ये इंग्रज-मराठ्यांत सालबाईचा तह झाला ज्यात महादजी मध्यस्थ होते, आणि पुढच्या वर्षी महादजींनी किल्ला परत घेतला. शिड्या पडल्या तर यातलं काय राहतं? पॉपम मेला तर सालबाईत बोलणी कुणाच्या जोरावर होतात? लेखकानं मूर्तींना डोळे उघडायला लावून पुढचं सगळं होतं तसंच ठेवलं असेल तर त्यानं जादू वापरलीच नाही, नुसती दाखवली. हा हिशोब घालायला इतिहासाची पदवी लागत नाही. बदललेल्या घटनेखाली रेघ मारा, आणि पुस्तक संपेपर्यंत तिचे परिणाम कुठे कुठे दिसले ते मागच्या पानावर टिपत जा. रेघ मारलीये आणि मागचं पान कोरं राहिलंय असं झालं की समजून जायचं.

आता जरा अवघड भाग. आपण मराठी माणसं ग्वाल्हेरला आपलं गाव म्हणतो आणि ते आहेच, पाच-सात पिढ्या झाल्या, गणपती इथेच बसतात, मांढरे मातेला इथेच जातो, आमच्या घरात मराठीत भांडण सुरू होतं आणि हिंदीत संपतं. पण आपले पणजोबा-खापरपणजोबा इथे फौजेबरोबर आले, कुणी शिलेदार, कुणी कारकून, कुणी पुजारी. आपल्या आधी इथे तोमर होते, गुजर होते, जैन व्यापारी होते, सूफी होते, आणि त्यांच्या गोष्टींत आपण बरेचदा बाहेरून आलेले दक्षिणी असतो. फँटसी वाचताना हे फार जाणवतं. एखाद्या पुस्तकात डोंगराची देवता शिंद्यांच्या तोफांवर चिडलेली असेल तर लगेच राग येऊ देऊ नका. विचार करा की राई गावातल्या गुजर मुलीला, म्हणजे मृगनयनीला, डोक्यात ठेवून लिहिणाऱ्याला आपण कसे दिसत असू. तिनं म्हणे मानसिंहाला अट घातली होती की माझ्या गावचं पाणी महालापर्यंत आण, तरच लग्न. ज्यांच्या पाण्याची ही गोष्ट आहे त्यांना नंतर आलेल्यांबद्दल काही वाटलं तर त्यात चूक काय.

आणि १८५८ वर लिहिलेलं असेल तर अजून सांभाळून. १ जूनला झाशीची राणी, तात्या टोपे आणि रावसाहेबांसमोर जयाजीरावांची फौजच फिरली, महाराज आग्र्याला निघून गेले, ह्यू रोज चालून आला, १७ किंवा १८ जूनला (नोंदींत दोन्ही तारखा आहेत) राणी पडली, २० ला किल्ला इंग्रजांकडे गेला आणि तो पुढे १८८६ पर्यंत शिंद्यांना परत मिळाला नाही, मिळाला तेव्हा बदल्यात झाशी द्यावी लागली. इथे मराठी वाचकाची फार ओढाताण होते. राणीही आपली आणि शिंदेही आपले. आमच्या नात्यातच असे काका आहेत की त्यांच्यासमोर महाराजांबद्दल उणा शब्द काढायचा नाही, आणि अशी आत्या आहे की ती फूलबागेतल्या समाधीसमोरून जाताना रिक्षातून उतरून हात जोडते. दोघं सख्खे बहीणभाऊ. या काळावरची फँटसी वाचताना मी एक करते, कादंबरीतलं आपलं लाडकं पात्र बाजूला ठेवून जे पात्र आपल्याला पटत नाही त्याचं एक प्रकरण सावकाश, शक्यतो मोठ्यानं वाचते. लेखकानं त्याला बोलायला पुरेशी जागा दिलीये का ते तेव्हाच कळतं. जयाजीराव नुसते भित्रे आणि राणी नुसती वीज असं असेल तर त्यात भूत घाला की देवी घाला, गोष्ट पोकळच. गंगादासांच्या शाळेतले (इथे शाळा म्हणजे मठ) साधू जे राणीच्या देहासाठी इंग्रजांशी लढले असं सांगतात, त्यांच्याबद्दल कुणी नीट लिहिलं तर मी रांगेत पहिली उभी राहीन.

भाषेचं थोडक्यात. मानसिंहाच्या दरबारात ब्रजकडे झुकणारी बोली, मोगल किल्लेदाराची फारसी, शिंद्यांच्या दफ्तरात मोडी. मराठीत लिहिलेलं पुस्तक सगळ्यांना मराठीतच बोलायला लावणार, त्याला इलाज नाही, पण कोण कोणाला अहो म्हणतं, कोण अरे म्हणतं, राणी दासीशी कशी बोलते, यावरून माणसं खरी वाटतात की नाही ते कळतं. जादूचे मंत्र असतील तर ते कुठल्या भाषेत आहेत तेही बघा. सूफी संस्कृत पुटपुटत असेल तर त्याचं कारण पुस्तकात कुठेतरी मिळायला हवं, आणि घौसच्या बाबतीत ते मिळूही शकतं.

मग चालायला जा. हे शक्य असूनही लोक करत नाहीत याचं मला वाईट वाटतं. पुस्तक निम्मं झालं की जा, संपल्यावर नको, कारण निम्म्यावर गोष्ट अजून उघडी असते. गाडीनं उरवाईकडून वर जाऊ नका (जैन मूर्ती त्या बाजूला आहेत, त्या उतरताना बघा), गुजरी महालाच्या बाजूनं पायी चढा. मधे डाव्या-उजव्या हाताला बघत जा, खडकात कोरलेलं चतुर्भुजाचं इवलंसं देऊळ लागेल. घाईत असाल तर दिसणारही नाही. आत भिंतीवर इसवी सन ८७६ चा लेख आहे, देवाच्या फुलांसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बाग दिली, रोज पन्नास हार मिळावेत असं त्यात लिहिलंय. त्या २७० मधलं शून्य नीट बघा, बारीक गोल, बाकीच्या अक्षरांपेक्षा लहान, जगातल्या सर्वात जुन्या लिखित शून्यांमध्ये याचं नाव घेतात. कोरणाऱ्याला त्याचं काही विशेष नव्हतं, तो हारांचा हिशोब लिहीत होता. तुमच्या पुस्तकात कोणी शून्याची गूढ शक्ती वगैरे लिहिली असेल तर इथे उभं राहून ते प्रकरण परत चाळा, लेखकाला हा हारवाला, बागवाला माणूस दिसला होता का ते समजेल. माझ्या मते जादू त्याच्यापासून सुरू व्हायला हवी, कुठल्या महर्षीपासून नाही.

वर पोचल्यावर पुस्तकातल्या अंतरांचा अंदाज घ्या. गड जवळपास तीन किलोमीटर लांब पसरलाय, आणि खालच्या मैदानापासून शंभर मीटरच्या आसपास उंच. पुस्तकातली हेर मुलगी मानमंदिरातून निघून तेली का मंदिरापर्यंत एका श्वासात पळते का? पळून बघा, किंवा निदान चालून बघा. मानमंदिराच्या खालच्या गोल खोल्यांत उतरा, वर हिंदोळ्यांच्या कड्या आणि पुढे त्याच खोल्या तुरुंग, मुरादवरचं प्रकरण असेल तर ते तिथून बाहेर आल्यावर उन्हात बसून वाचा. राणीच्या शेवटच्या लढाईवरचं असेल तर जूनमध्येच जा, सकाळी दहाला सुद्धा दगडावर हात ठेवता येत नाही. त्या लढाईत इंग्रज शिपाई गोळीइतकेच उन्हानं पडत होते, आणि लेखकानं जूनचं ऊन लिहिलंच नसेल तर लढाई अर्धी राहिलीये. पाण्याची बाटली आणि टोपी न्या, आणि संध्याकाळी उतरताना सूरजकुंडापाशी पाच मिनिटं थांबा.

मुलांबरोबर वाचत असाल तर ती विचारणारच, हे खरं आहे का? हो किंवा नाही म्हणून मोकळं होऊ नका, वही पुढे करा आणि रकाना त्यांनाच ठरवू द्या. आठ-दहा वर्षांच्या पोरांना हे चटकन जमतं, मोठ्यांपेक्षा लवकर. माझी भाची तर आता टीव्हीवरच्या मालिकासुद्धा रकान्यांत टाकते. फक्त दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टी त्यांना पुस्तकातून कळण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकवा, अचलेश्वराची, चिंचेची, गंगाजळीची, कारण प्रत्येक घरातली थोडी वेगळी असते आणि ती वेगळी आहे हे कळल्यावरच पोरांना लेखकानं काय बदललं ते दिसतं. आजी-आजोबा असतील तर याच सुट्टीत बसवा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि पोरांना घेऊन गुजरी महालातलं म्युझियम बघायचं असेल, ग्यारसपूरची शालभंजिका वगैरे, तर सोमवार सोडून जा, सोमवारी बंद असतं.